परदेशी साइटवरचं स्वस्त स्किनकेअर: काय मागवावं, कुठून आणि किती

कॉसआरएक्सचं १०० मिलीचं स्नेल एसेन्स, द ऑर्डिनरीचं ३० मिलीचं नायसिनमाइड सीरम, ब्युटी ऑफ जोसॉनचं ५० मिलीचं सनस्क्रीन आणि अनुआचा २५० मिलीचा टोनर. परदेशी साइटवरून पहिल्यांदा स्किनकेअर मागवणाऱ्याच्या कार्टमध्ये साधारण हीच मंडळी असतात. यातल्या पहिल्या तिघांना परदेशातून आणण्यात अर्थ आहे, चौथ्याला सहसा नाही. टोनर वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्या बाटलीत बहुतेक पाणी किंवा पाण्यातला अर्क असतो आणि पाणी विमानाने आणणं परवडत नाही.

मिलीमागे किती पैसे पडतात हे सगळेच बघतात, पण परदेशी खरेदीत ग्रॅमही मोजावे लागतात. सीरमची काचेची बाटली खोक्यासकट १०० ग्रॅमच्या आसपास भरते, सनस्क्रीनची ट्यूब ७०-८० ग्रॅम, आणि अडीचशे मिलीचा टोनर ३०० ग्रॅमच्या घरात जातो. शीट मास्क दिसायला चपटे, पण वजनाला फसवे. एका पाकिटात २०-२५ मिली द्रव असतो, म्हणजे दहा मास्क घेतले की पाव किलो झालंच, आणि वापर प्रत्येकाचा एकदाच. दुकान भाडं ‘मोफत’ म्हणत असेल तर वजनाशी आपल्याला काय देणं, असं वाटतं खरं. पण जड वस्तूंच्या किमतीत ते भाडं आधीच मुरलेलं असतं. तोच टोनर ब्रँडच्या मायदेशातल्या साइटवर आणि निर्यात करणाऱ्या साइटवर बघा. सीरमच्या किमतीत जेवढा फरक दिसतो त्याहून टोनरच्या किमतीत जास्त दिसेल.

डीएचएल, फेडेक्ससारख्या कुरिअरची आणखी एक खोच आहे. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे ते लावतात. आकारमानाचं वजन काढायचं तर खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. ३० × २० × १५ सेंमीचं खोकं १.८ किलोचं धरलं जातं, मग आत माल एकच किलो का असेना. कोरियन दुकानांतले ‘विशेष सेट’ इथे मार खातात. एका मोठ्या खोक्यात एक पूर्ण बाटली, दोन छोट्या ट्यूब आणि उरलेली हवा. हवेचं भाडं भरायची तयारी नसेल तर तेच उत्पादन सुटं घ्यावं.

जकातीचा हिशोब ऑर्डर देण्याआधी कागदावर करावा, पार्सल दारात आल्यावर नाही. अनेक देश जकात केवळ मालाच्या किमतीवर न लावता माल, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लावतात. अमेरिका मात्र जकातीसाठी आंतरराष्ट्रीय भाडं धरत नाही. बाकी बऱ्याच देशांत मग जकातीसकट झालेल्या रकमेवर विक्रीकर बसतो. गणित कळावं म्हणून काल्पनिक दर घेऊ. ४० डॉलरचा माल, ८ डॉलर भाडं, १० टक्के जकात, २० टक्के कर. जकात ४८ वर, म्हणजे ४.८० डॉलर. कर ५२.८० वर, म्हणजे १०.५६. कुरिअरने जकात आपल्या वतीने भरल्याचं शुल्क ५ डॉलर धरलं तर एकूण ६८.३६. ऐंशी टक्के सूट बघून हुरळण्याआधी आपल्या देशाचे दर या गणितात घालून पाहावेत. कस्टम्सच्या एचएस कोडमध्ये, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, स्किनकेअर बहुतांशी ३३०४.९९ या शीर्षकाखाली जातं आणि द्रव किंवा क्रीम स्वरूपातला फेसवॉश ३४०१.३० खाली. जकातीचे दर शोधताना हे आकडे हाताशी असले की काम पाच मिनिटांत होतं, नाहीतर ‘सौंदर्यप्रसाधने’ या शब्दावर तासभर जातो.

दुकानाची मोफत भाड्याची मर्यादा रक्कम वर ओढते आणि कस्टम्सची करमाफीची मर्यादा ती खाली ओढते. मोफत भाड्यासाठी दोन लिपबाम जास्तीचे टाकले आणि त्यामुळेच पार्सल करमाफीच्या बाहेर गेलं, तर ते लिपबाम सगळ्यांत महाग पडले म्हणायचे. शिवाय ही माफी कायमची नसते. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून छोट्यात छोट्या पार्सलवरही व्हॅट लागतो. ऑस्ट्रेलियात १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर १ जुलै २०१८ पासून जीएसटी दुकानच वसूल करतं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला बंद केली. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचा ‘मला काहीच लागलं नाही’ हा सल्ला आज वाचून उपयोग नाही. चेकआउटच्या पानावर कर आणि जकात धरली आहे की नाही, एवढी ओळ शोधावी. धरली असेल तर किंमत जास्त दिसते, पण दारात धक्का बसत नाही.

विक्रेत्याला ‘किंमत कमी लिहा’ किंवा ‘भेटवस्तू म्हणून पाठवा’ असं सांगणारेही असतात. ते बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीइतकीच मिळते. ४० डॉलरच्या मालाला ८ लिहिले की ८ च हातात.

दुकानं

आयहर्ब १९९६ पासूनचं कॅलिफोर्नियाचं दुकान, मूळचं व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं. स्किनकेअरसाठी त्याची सगळ्यांत मोठी जमेची बाजू म्हणजे उत्पादनाच्या पानावरच ‘कधीपर्यंत वापरावं’ ती तारीख आणि खोक्यासकट वजन लिहिलेलं असतं. वर जो ग्रॅमचा हिशोब सांगितला तो इथे अंदाजाने करावा लागत नाही. कोरियन ब्रँड बऱ्यापैकी आहेत, पण एखाद्या ब्रँडची पूर्ण मालिका हवी असेल तर ती इथे मिळेलच असं नाही. पहिल्या ऑर्डरसाठी मी हेच सुचवेन.

यसस्टाइल आणि स्टाइलवाना ही दोन्ही हाँगकाँगची. आशियाई ब्रँडची निवड प्रचंड आणि कूपनांचा सुळसुळाट. इथे किमतीआधी ‘किती दिवसांत रवाना होईल’ ती ओळ वाचावी, कारण प्रत्येक वस्तू त्या घडीला गोदामात असतेच असं नाही. काही वस्तू ऑर्डर आल्यावर पुरवठादाराकडून येतात, आणि एकत्र पाठवायची ऑर्डर तिच्यातल्या सगळ्यांत सावकाश वस्तूसाठी थांबते. पाच वस्तू २४ तासांत निघणाऱ्या आणि सहावी १४ दिवसांनी निघणारी असेल तर पार्सल १४ दिवसांनीच निघतं. सहावी कार्टमधून काढून टाकावी, नाहीतर तिची वेगळी ऑर्डर करावी. जवळच्या तारखेचा माल मोठ्या सवलतीत विकणं ही या धंद्यातली नेहमीची रीत आहे. पन्नास टक्क्यांच्या पुढची सूट दिसली की आधी वर्णनात तारीख शोधायची.

ऑलिव्ह यंग ही कोरियातली सीजे समूहाची दुकानसाखळी. पहिलं दुकान १९९९ चं, परदेशी ग्राहकांसाठीची ग्लोबल साइट २०१९ ची. माल कोरियातून निघतो, नव्या गोष्टी इथे लवकर येतात, आणि खुद्द कोरियात काय खपतंय हे कळायला तिथली क्रमवारी पुरेशी आहे. सेटचा भरणा मात्र इथेच जास्त. स्टाइलकोरियन चालवणारी सिलिकॉन२ ही कंपनी मुळात कोरियन सौंदर्यप्रसाधनांची घाऊक निर्यातदार. त्यामुळे माल कुठून आला हा प्रश्न तिथे फारसा पडत नाही. युरोपीय ब्रँडसाठी ब्रिटनचं लूकफँटॅस्टिक बरं. आणि द ऑर्डिनरीसारख्या ब्रँडचं सामान ब्रँडच्या स्वतःच्या साइटवरून घेणं कधीही चांगलं, कारण मुळातच किंमत कमी असल्यामुळे मधल्या दुकानाकडे सूट द्यायला फार काही उरत नाही.

सर्वांसाठी खुल्या असलेल्या मार्केटप्लेसचं गणित वेगळं. तिथे दुकान एक दिसतं, पण विक्रेते शेकडो असतात. ‘कोण विकतंय’ आणि ‘कोण पाठवतंय’ या दोन ओळी न वाचता तिथून त्वचेला लावायचं काही घेऊ नये.

पैसे भरताना साइटने ‘तुमच्या चलनात भरा’ असं सुचवलं तर नको म्हणावं आणि दुकानाच्या मूळ चलनात भरावं. चलनबदलाचा दर दुकानाच्या बाजूने ठरला की तो सहसा कार्डाच्या दराहून महाग असतो. कार्डावर परदेशी व्यवहाराचं शुल्क किती टक्के आहे तेही एकदा बघून ठेवावं. छोट्या ऑर्डरवर कूपनने वाचवलेले पैसे तिथेच जातात.

तारीख कशी वाचायची

स्वस्त मालात सगळ्यांत जास्त फसगत तारखेत होते, आणि ती विक्रेत्याच्या लबाडीपेक्षा वाचणाऱ्याच्या घाईने होते. कोरियन ट्यूबच्या चपट्या दाबलेल्या टोकाला, शाईशिवाय नुसते उठवलेले आकडे असतात. उजेडात तिरपं धरल्याशिवाय ते दिसत नाहीत. क्रम वर्ष, महिना, दिवस असा. खरी मेख आकड्यांच्या पुढच्या दोन कोरियन अक्षरांत आहे. ‘जेजो’ लिहिलं असेल तर तो बनवल्याचा दिवस, ‘काजी’ लिहिलं असेल तर त्या दिवसापर्यंत वापरायचं. कोरियन लिपी येत नसली तरी ओळखता येतं: ‘काजी’च्या पहिल्या अक्षरात एकसारखी दोन काटकोनी वळणं शेजारीशेजारी असतात. ती दिसली की मुदत संपायची तारीख. ‘जेजो’ची तारीख मुदत समजून कितीतरी ताज्या ट्यूब कचऱ्यात गेल्या आहेत आणि दुकानांना एक-एक तारा मिळाला आहे. खोक्यावर निर्यातीचं स्टिकर तारखेवरच चिकटवलेलं असेल तर ओरबाडू नये. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा अर्धा मिनिट दिली की ते अखंड निघतं.

युरोपात पद्धत निराळी. ३० महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या उत्पादनावर तारीख नसली तरी चालते. त्याऐवजी उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि त्यावर महिन्यांचा आकडा असतो, ६, १२ किंवा २४. तो आकडा उघडल्यापासूनचा. जपानमध्ये तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या मालावर तारीख लागत नाही, त्यामुळे जपानी सनस्क्रीनच्या बाटलीवर नुसता बॅच नंबर दिसला तर घाबरायचं कारण नाही. बॅच नंबरावरून उत्पादनाचा महिना काढून देणाऱ्या साइट आहेत आणि प्रसिद्ध ब्रँडसाठी त्या उपयोगी पडतात. पण त्यांचं उत्तर आलं म्हणजे माल अस्सल, असं मात्र नाही. बनावट माल करणारा खऱ्या खोक्यावरचाच नंबर छापतो.

तारीख किती लांबची हवी ते वापरावर ठरतं. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा धरला तर पाच थेंब दिवसातून दोनदा म्हणजे अर्धा मिली. ३० मिलीचं सीरम दोन महिने जातं. दिवसाला एक मिली लावलं तर १०० मिलीचं एसेन्स शंभर दिवस. सनस्क्रीनची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात होते. चेहरा आणि मान मिळून १.२ मिली धरले तर ५० मिलीची ट्यूब जेमतेम चाळीस दिवस पुरते, दुपारी पुन्हा लावलं तर वीसच. म्हणून आठ महिन्यांची मुदत उरलेलं सनस्क्रीन अर्ध्या किमतीत मिळत असेल तर तीन ट्यूब बिनधास्त घ्याव्या. आठ महिने मुदत उरलेल्या सीरमच्या तीन बाटल्या मात्र घेऊ नयेत, कारण तिसरी बाटली उघडायला चार महिने लागणार आणि तोवर ती निम्मी मुदत नुसती पडून घालवणार.

काय मागवावं

सनस्क्रीन परदेशातून आणण्यामागे किंमत हे एकच कारण नाही. अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडतं, त्यामुळे नवे फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारे घटक, मंजूर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. युरोप आणि आशियात युव्हिन्यूल ए प्लससारखे फिल्टर कधीपासून वापरात आहेत, आणि न चिकटणाऱ्या, पांढरट न दिसणाऱ्या पोताचं बरंचसं श्रेय त्यांना जातं. याचीच दुसरी बाजू अशी की एकाच नावाचं उत्पादन दोन देशांत दोन प्रकारचं असतं. ला रोश-पोझेचं अँथेलिओस युरोपातलं वेगळं आणि अमेरिकेतलं वेगळं. नाव बघून मागवू नये. पानावरच्या खोक्याच्या फोटोत फिल्टरांची नावं वाचावीत. फोटो नसेल तर दुकान बदलावं.

एसपीएफच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नये हे डिसेंबर २०२० मध्ये प्युरिटो या कोरियन ब्रँडच्या ‘सेंटेला ग्रीन लेव्हल अनसेंटेड सन’ या सनस्क्रीनने शिकवलं. लेबलावर ५०+, स्वतंत्र चाचणीत सुमारे १९. कंपनीने ते विक्रीतून काढलं, आणि त्यानंतर कोरियातल्या इतर सनस्क्रीनांच्याही चाचण्या मागितल्या जाऊ लागल्या. आज घेताना ब्रँडने चाचणीचा अहवाल आपल्या साइटवर ठेवला आहे का ते बघावं, आणि गोदामात राहिलेली जुनी आवृत्ती सवलतीत मिळत असेल तर मोह आवरावा. लेबलावरच्या ‘पीए’ या खुणेचा अर्थ मात्र ठरलेला आहे: पीए+++ म्हणजे यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाचा अंक ८ ते १६ च्या दरम्यान, पीए++++ म्हणजे १६ किंवा जास्त.

सीरममध्ये पैसे कशाचे मोजतोय ते घटकांच्या यादीवरून कळतं. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, पण १ टक्क्याच्या खाली क्रम कसाही लावायची मुभा आहे. ही रेषा शोधायला फिनॉक्सीइथेनॉल हे माल टिकवणारं रसायन उपयोगी पडतं. युरोपात ते जास्तीत जास्त १ टक्का घालता येतं, म्हणून यादीत त्याच्यानंतर जे काही येतं ते साधारण १ टक्क्याच्या आत. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘प्रोपोलिस’ आणि यादीत प्रोपोलिस फिनॉक्सीइथेनॉलच्याही मागे असेल तर आपण बाटलीचे पैसे देतोय. याला अपवाद आहेत. रेटिनॉल, पेप्टाइड, अ‍ॅडिनोसिन अल्प मात्रेतच काम करतात. कोरियात सुरकुत्यांसाठी मान्य असलेलं अ‍ॅडिनोसिन अवघं ०.०४ टक्के असतं. तिथेच त्वचा उजळवण्याच्या वर्गात नायसिनमाइड २ ते ५ टक्के मान्य आहे, त्यामुळे १० टक्क्यांच्या बाटलीमागे धावायची प्रत्येकाला गरज नाही. जपानी ‘औषधसदृश’ वर्गातल्या मालाला, उदाहरणार्थ रोटोच्या मेलानो सीसीला, हा क्रमाचा नियम लागूच पडत नाही. तिथे परिणामकारक घटक आधी स्वतंत्र लिहितात आणि उरलेले कोणत्याही क्रमाने.

आता जे मागवू नये ते. पाण्यात विरघळवलेलं १५-२० टक्क्यांचं एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. हे व्हिटॅमिन सी पीएच ३.५ च्या खालीच नीट काम करतं आणि उष्णता, उजेड, हवा या तिघांशी त्याचं वैर. दोन आठवडे गोदामं, विमानतळाची धावपट्टी आणि डिलिव्हरीची गाडी असा प्रवास करून आलेली बाटली फिकट पिवळ्याऐवजी गडद नारिंगी निघाली तर तिच्यात पैसे गेले ते गेलेच. व्हिटॅमिन सी हवंच असेल तर इथाइल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, अ‍ॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड असे टिकाऊ प्रकार घ्यावेत, नाहीतर द ऑर्डिनरीच्या २३ टक्क्यांच्या सस्पेन्शनसारखं बिनपाण्याचं. ते लावताना रवाळ लागतं, चुरचुरतं, पण प्रवासात मरत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडही ऐन उन्हाळ्यात मागवू नये; उष्णतेने त्यातून बेंझिन तयार होतं हे चाचण्यांत दिसलं आहे. रेटिनॉल अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये किंवा हवाबंद पंपात असेल तरच घ्यावं. युरोपात चेहऱ्याच्या नव्या उत्पादनांत रेटिनॉलची कमाल मर्यादा आता ०.३ टक्के आहे, त्यामुळे त्याच नावाच्या दोन बाटल्यांची ताकद वेगळी असू शकते. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन अनेक देशांत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि कस्टम्समध्ये अडकतात. या यादीतून ते खोडून टाकावेत.

अत्तर, नेलपॉलिश आणि एरोसॉल स्प्रे ज्वलनशील मालात मोडतात. सनस्क्रीनचा स्प्रे कार्टमध्ये असेल तर काही वेळा स्वस्त टपालाचा पर्यायच गायब होतो आणि कारण कुठे लिहिलेलं नसतं. तो काढला की पर्याय परत येतो.

बनावट आणि त्याहून वाईट

सगळ्यांत जास्त खपणाऱ्या मालाचीच नक्कल होते. कमी खपणाऱ्या ब्रँडची नक्कल करायला कुणाला वेळ आहे? तपासायचं ते असं: खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर एकच आहे का, झाकणाखालचं सील अखंड आहे का, अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात का, घटकांच्या यादीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत का. स्नेल एसेन्स बोटांत धरून ताणलं की लांब तार येते. पाण्यासारखं ओघळलं तर शंका घ्यावी. ब्रँडच्या साइटवर बऱ्याचदा अधिकृत विक्रेत्यांची यादी असते. ती बघणं या सगळ्या हेरगिरीपेक्षा सोपं आहे.

‘सात दिवसांत गोरेपणा’वाल्या क्रीमचा धोका निराळाच. त्यातल्या काहींत पारा असतो. घटकांची यादी नसणं ही पहिली खूण. कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा मर्क्युरिओ ही नावं दिसणं ही दुसरी. आणि ‘सोनं, चांदी, रबर, अ‍ॅल्युमिनियम यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असेल तर ती जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलेली धोक्याची खूण आहे. अमेरिकेत त्वचेच्या क्रीममध्ये अजाणता आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) आतच चालतो. पारा असलेली डबी घरातल्या लहान मुलांनाही बाधते, कारण तो टॉवेलला, उशीला आणि हवेत जातो. असलं क्रीम स्वस्त काय, फुकटही नको.

पार्सल निघाल्यानंतर

टपालाच्या ट्रॅकिंग नंबरात आधी दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, मग देशाची दोन अक्षरं असतात; शेवटी केआर म्हणजे कोरिया, एचके म्हणजे हाँगकाँग. सुरुवात ई ने असेल तर ईएमएस म्हणजे जलद टपाल, आर ने असेल तर रजिस्टर्ड. मूळ देशातून निघाल्याची नोंद झाली की आठ-दहा दिवस काहीच हालचाल दिसत नाही. विमानात जागा मिळेपर्यंत आणि इकडे स्कॅन होईपर्यंतचा तो काळ असतो, त्यात रोज दुकानाला मेल पाठवून काही होत नाही. नंबर मिळाला पण पंधरा दिवस ‘माहिती प्राप्त’ याच्या पुढे सरकला नाही, तर मात्र पार्सल टपालात पोचलंच नसण्याची शक्यता आहे, तेव्हा लिहावं.

खोकं उघडताना व्हिडिओ काढावा, आणि कापण्याआधी लेबलवरचं वजन कॅमेऱ्यात यावं. एखादी वस्तू कमी निघाली तर हे वजन सगळ्यांत भक्कम पुरावा. ऑर्डरमधल्या सगळ्या वस्तूंचं खोक्यासकट वजन ९५० ग्रॅम होतंय आणि लेबलवर ६२० आहे, तर वस्तू वाटेत चोरीला न जाता मुळात भरलीच गेली नाही, हे सिद्ध करायला आणखी काही लागत नाही. विमानात हवेचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि ड्रॉपरच्या कडेने द्रव बाहेर येतो. थोडा ओलसरपणा त्यामुळे असतो, तो दोष धरू नये. ड्रॉपर उभा धरून सावकाश फिरवावा म्हणजे उरलेलं अंगावर उडत नाही. बाटली पाव रिकामी असेल तर गोष्ट वेगळी: सील काढण्याआधी उजेडाकडे धरून द्रवाच्या पातळीचा फोटो घ्यावा.

सील फुटलं की परतीचा मार्ग जवळपास सगळ्या दुकानांत बंद होतो. बंद बाटली परत घेतात, पण परतीचं भाडं बाटलीपेक्षा जास्त असतं, म्हणून वस्तू परत पाठवण्यापेक्षा अर्धी रक्कम किंवा साइटवरची जमा रक्कम यावर दुकानं तडजोड करतात. जमा रक्कम नाकारायचा हक्क आहे, तो वापरावा. नवीन उत्पादन एका वेळी एकच सुरू करावं, आधी हाताच्या आतल्या बाजूला सात-दहा दिवस लावून. पहिल्याच ऑर्डरमध्ये त्याच सीरमच्या चार बाटल्या घेऊ नयेत ते याचसाठी. पुरळ आलं तर एक वाया जाते, चार नाही.

आणि दुकानाने ‘आणखी १५ दिवस थांबा’ असं तिसऱ्यांदा सांगितलं की थांबू नये. पेपालवर तक्रार करायची मुदत पैसे भरल्यापासून १८० दिवस आहे. कार्डावर ती साधारण १२० दिवसांची असते आणि ती कुठल्या दिवसापासून मोजायची हे बँकेनुसार बदलतं, त्यामुळे बँकेला विचारून ती तारीख ऑर्डर देतानाच फोनमध्ये टाकून ठेवावी. तक्रार बँकेकडे गेली की दुकानाशी वेगळी बोलणी चालू ठेवू नयेत. ग्राहकाने पाठवणी पुन्हा मान्य केली, असं एक मेल त्यांच्या हाती लागलं की तक्रार तिथेच बंद होते.